आकड्यात दडलेला इतिहास : एका जुन्या रायफलीची निवड

जाम हे वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गाव. नागपूरहून निघालेला हैदराबादचा रस्ता येथून हिंगणघाटकडे जातो आणि चंद्रपूरचा रस्ता येथेच वरोऱ्याच्या दिशेने फुटतो. त्यामुळे चौकात ट्रक, एसटी गाड्या आणि चहाच्या टपऱ्या यांची सदैव वर्दळ असते. अशाच एका टपरीवर गाडीची वाट पाहत असताना आमच्या एका शिक्षकमित्रांनी खिशातून फोन काढला आणि तीन छायाचित्रे आमच्यापुढे धरली. हे मित्र शाळेत विज्ञान शिकवतात आणि एनसीसीचेही काम पाहतात. कामठीच्या अकादमीत त्यांचे प्रशिक्षण झाले आहे. छायाचित्रे त्यांच्या अमेरिकेतील भाच्याने पाठवली होती. सोबत निरोप होता :

"मामा, येथे जुन्या लष्करी रायफली दुकानात विकत मिळतात. या तिन्हींवर 'इशापूर' असा शिक्का आहे. आपल्या देशात बनलेली एखादी रायफल संग्रहात असावी आणि कधीमधी नेमबाजीच्या मैदानावर चालवावी, असे वाटते. कोणती घेऊ?"

"सर, मी मुलांना .२२ शिकवतो," मित्र म्हणाले. "हे मला कसे सांगता येणार?"

तिन्ही रायफली दिसायला बहिणी-बहिणी. पण एकीवर .३०३, दुसरीवर .४१० आणि तिसरीवर ७.६२ असे आकडे होते. चहा संपेपर्यंत आमच्या लक्षात आले, की या आकड्यांचा अर्थ लागला तर निवडही सोपी होईल आणि आपल्या देशाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातला एक धडाही हाती येईल. तो धडा येथे मांडत आहोत.

३०३ म्हणजे काय ३०३?

पोलिसांच्या खांद्यावरची 'थ्री नॉट थ्री' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. हा आकडा म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास : ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. छिद्राच्या या व्यासाला बोअर म्हणतात. नळीच्या आतील भिंतीवर मळसूत्रासारखे वळत गेलेले आटे कोरलेले असतात. दोन आट्यांच्या मधला जो उंच भाग राहतो, तेथपासून समोरच्या उंच भागापर्यंतचे अंतर ०.३०३ इंच. गोळी मात्र त्याहून किंचित जाड, सुमारे ०.३११ इंच असते. त्यामुळे ती आट्यांत घट्ट दाबली जाते आणि पुढे सरकताना स्वतःभोवती फिरू लागते.

किती फिरते? हे गणित आठवी-नववीच्या वर्गातही करता येईल. या रायफलीत आट्यांचा एक पूर्ण फेरा १० इंचांत, म्हणजे ०.२५४ मीटरमध्ये होतो. सातव्या क्रमांकाच्या प्रचलित काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ७४४ ला ०.२५४ ने भागा. उत्तर येते सेकंदाला सुमारे २,९०० फेरे! फिरता भोवरा जसा चटकन कलंडत नाही, तशी ही फिरती गोळीही हवेत आपले टोक पुढे ठेवून जाते. आटे नसलेल्या बंदुकीपेक्षा रायफलीचा नेम लांबवर टिकतो तो या फिरण्यामुळे.

रायफलीच्या मूळ रचनेचे श्रेय जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या संशोधकाकडे जाते. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या रायफलीत लीचा बोल्ट आणि विल्यम मेटफर्डचे उथळ आटे होते. पुढे कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली. गनकॉटन, नायट्रोग्लिसरीन आणि थोडे व्हॅसलिन यांपासून बनलेल्या या दारूच्या अतितप्त वायूंपुढे ते उथळ आटे टिकेनात. म्हणून एन्फिल्डच्या कारखान्यात पाच खोल आटे कोरण्यात आले आणि १८९५ मध्ये ली-एन्फिल्ड जन्माला आली. १९०७ साली तिची प्रसिद्ध तिसरी आवृत्ती निघाली. कोलकात्याजवळील इशापूरच्या रायफल कारखान्याने पुढे हीच घडवली.

आकड्यामागची भीती

आता इतिहासाकडे वळू. १८५७ च्या उठावात एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांचा वाटा होता, हे पाठ्यपुस्तकात असते. उठावानंतर त्या रायफलींचे काय झाले, हे सहसा नसते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी बहुतेक तोफखाना गोऱ्या सैनिकांच्या हाती ठेवला आणि हिंदी पायदळासाठी आतून गुळगुळीत, आटे नसलेल्या बंदुका बनवून घेतल्या. बाहेरून पाहता बंदूक तीच, पण नेम साधण्याची ताकद काढून घेतलेली. पुढेही हिंदी पलटणींना एक पिढी मागे ठेवण्याचे धोरण चालू राहिले. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायांना जुनी स्नायडर मिळाली आणि गोऱ्यांकडे .३०३ आली तेव्हा मार्टिनी.

शिपायांची ही गत, तर सामान्य माणसाची काय असणार? १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र त्यातून सूट होती. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातेत काढलेल्या एका पत्रकात या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत केली होती. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने हे म्हणावे, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने आणखी एक पाऊल टाकले. सैन्यातील काडतुसे चालतील अशा बोअरच्या शिकारी रायफली खासगी हातांत जाऊ नयेत, असा दंडक आला. हिशेब सरळ होता : खासगी रायफलीत लष्करी काडतूस बसतच नसेल, तर चोरलेल्या लष्करी काडतुसाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? मग शिकारी रायफली बनवणाऱ्यांनी वाट काढली. ली पद्धतीचाच बोल्ट ठेवायचा, पण नळी वेगळ्या काडतुसाची बसवायची. त्यासाठी ऑस्ट्रियाच्या सैन्यातील आठ मिलिमीटरचे काडतूस निवडले गेले. आपल्याकडे त्याला .३१५ म्हणतात.

.३०३ आणि .३१५ या आकड्यांत फरक केवढा? ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिलिमीटर, जाड कागदाच्या एका पानाएवढा. पण काडतुसांच्या पुंगळ्या शेजारी ठेवल्या तर फरक स्पष्ट दिसतो. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, तर .३१५ ची ५० मिलिमीटर लांब आणि बुडाशी अधिक जाड. एकीचे काडतूस दुसरीच्या चेंबरमध्ये नीट बसत नाही. ज्या भीतीने हा दंडक घातला गेला, ती भीती अशी पितळेत आणि पोलादात मोजून ठेवलेली आहे.

दुसरे छायाचित्र : .४१०

भाच्याने पाठवलेली दुसरी रायफल खरे म्हणजे रायफल नव्हेच. तिच्या नळीत आटे नाहीत. लष्करी ली-एन्फिल्डची नळी बदलून ०.४१० इंचाची गुळगुळीत नळी बसवायची, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा घालून ती एकबारी करायची आणि पोलीस व तुरुंगाचे पहारेकरी यांच्या हाती द्यायची, अशी ही 'मस्केट'. तिचा पल्ला कमी, मारही कमी. शिवाय ठाण्यावर जमाव चालून गेला आणि मस्केट हिसकावली गेली, तरी लष्कराची रायफल जमावाच्या हाती लागत नसे.

ठाण्यावर जमाव जाणे ही केवळ कल्पना नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये याच वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे लोक सरकारी सत्तेवर चालून गेले. दोन्हीकडे गोळीबार झाला, गावकरी मेले आणि सरकारी माणसेही मारली गेली. सरकारला ज्याची धास्ती होती ते विदर्भातील या दोन गावांत घडले. फक्त लोकांच्या हाती रायफली नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याखालील नियमांच्या परिशिष्टात आजही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे चेंबरमध्ये घेऊन उडवू शकणाऱ्या रायफली तसेच .४१० च्या मस्केट प्रतिबंधित वर्गात मोडतात. राज्यकर्ते बदलले, आकडे राहिले. ही परक्या राजवटीची उरलेली भीती समजायची, की कोणत्याही राज्यसंस्थेला लागणारी सावधगिरी? आमच्या तिघांचे यावर एकमत झाले नाही. वाचकांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

तिसरे छायाचित्र : ७.६२

१९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्याला अधिक रायफली हव्या होत्या. नव्या स्वयंभरण रायफलीचे काडतूस ७.६२ मिलिमीटरचे होते. इशापूरने जुन्या ली-एन्फिल्डचाच आराखडा घेऊन याच काडतुसासाठी '२ए' आणि नंतर '२ए१' ही रायफल बनवली. ७.६२ चा दाब .३०३ पेक्षा जास्त असल्याने पोलादही अधिक मजबूत घेण्यात आले. ओळखण्याची खूण म्हणजे तिचे चौकोनी, १२ काडतुसांचे मॅगझिन. .३०३ चे मॅगझिन १० काडतुसांचे आणि खाली तिरपे असते.

येथे एक धोका सांगायला हवा. सांगाडा सारखाच दिसतो म्हणून .३०३ साठी बनलेल्या रायफलीवर कोणी ७.६२ ची नळी चढवली, तर ती २ए१ होत नाही. बाह्य आकार एक असला तरी धातूची ताकद एक नसते. चेहरा पाहून पोलाद ओळखता येत नाही.

रायफल वाचायची कशी?

जुनी रायफल हा एक दस्तऐवज आहे. तो वाचण्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट शिक्क्याची. दस्ता जेथे धातूला मिळतो त्या कड्याच्या उजव्या अंगाला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि वर्ष असते. इशापूरच्या जुन्या रायफलींवर 'जी.आर.आय.' म्हणजे 'जॉर्ज, राजा, सम्राट' असे दिसते. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. सत्तांतराची नोंद अशी पोलादावरही होते. याच शिक्क्यावरून नक्कलही पकडता येते. पाकिस्तानातील दर्रा आदमखेल येथे हाताने रायफली घडवण्याची जुनी परंपरा आहे. तेथील काही नकलांवर राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि खाली १९०७ सारखे वर्ष आढळते. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. इतिहासाच्या सनावळ्या पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. बोल्ट, सांगाडा आणि नळीच्या टोकाकडील टोपण यांवर एकच क्रमांक असेल, तर रायफल मूळच्या जोडीची आहे. क्रमांक वेगळे असतील तर संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरतेच, पण चालवणाऱ्याच्या दृष्टीने धोकाही वाढतो. बोल्टचे तोंड आणि चेंबरची कड यांतील अंतर ठरावीक असावे लागते. परका बोल्ट बसवल्याने ते वाढले, तर दाबाखाली पुंगळी ताणली जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू मागे येतात. हे अंतर डोळ्यांनी कळत नाही. जाणकाराकडून मापकाने तपासून घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट नळीची. रिकामी रायफल उजेडाकडे धरून आत पाहावे. आटे धारदार आणि चकचकीत असावेत. काळे खड्डे दिसले तर कारण बहुधा रासायनिक असते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे मिठासारखे क्षार नळीत साचते, हवेतील ओल शोषते आणि पोलाद गंजते. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुने शिपाई आधी उकळते पाणी नळीतून ओतत, मग चिंदीने कोरडी करून तेल लावत. एनसीसीत पुल-थ्रूच्या दोरीला चिंदी लावून नळी साफ केलेल्यांना हे लगेच उमजेल. ही दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासली, तर नळीचे तोंडही झिजते आणि नेम बिघडतो. म्हणून तोंड गोल आहे ना, हेही पाहावे.

चौथी गोष्ट लाकडाची. काळवंडलेला, चरे पडलेला दस्ता पाहून तो घासून नवा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. चऱ्यांबरोबर शिक्केही जातात. इशापूरने काही रायफलींच्या लाकडात आडवा स्क्रू घालून मजबुती आणली होती. नवशिका त्याला डागडुजी समजतो, जाणकार ओळख समजतो. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी वापरली जाई आणि 'डी.पी.' अक्षरांची केवळ कवायतीसाठी असे. या दोन्ही संग्रहात ठेवाव्यात, चालवू नयेत.

जुनी रायफल चालेल, जुने काडतूस नको

रायफल शंभर वर्षे टिकते, कारण ती पोलाद आणि लाकूड आहे. दारूगोळा हे रसायन आहे आणि रसायन म्हातारे होते. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होते आणि त्यातून निघणारी आम्ले उरलेल्या दारूलाही खातात. उष्णतेने ही क्रिया वाढते. असे काडतूस कधी उडत नाही, कधी उशिरा उडते, कधी भलताच दाब निर्माण करते.

वर्धा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. तेथे ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे मृत्युमुखी पडली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदतबाह्य दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतून मजुरीला आलेली माणसेही होती. जुन्या वस्तूंच्या ओढीत या माणसांचे स्मरण असावे. जुने काडतूस संग्राहकाने उडवू नये, उघडूही नये. रायफल चालवायची तर नव्याने बनलेले आणि नळीवरील आकड्याशी तंतोतंत जुळणारे काडतूसच घ्यावे.

मग निवड कोणती?

भाच्याला पाठवायचे उत्तर असे तयार झाले. .४१० ची मस्केट इतिहास म्हणून सर्वांत बोलकी, पण चालवण्यास अयोग्य. आज बाजारात मिळणारी .४१० ची छर्ऱ्यांची काडतुसे तिच्या चेंबरसाठी नाहीत. आकडा एकच असला तरी काडतूस वेगळे. ७.६२ ची २ए१ मजबूत असते. मुख्यतः मैदानावर चालवायची असेल तर तिचा विचार करावा, मात्र ती मूळची २ए१ आहे याची खात्री करून. आणि एकच घ्यायची असेल, संग्रहाचे मोल आणि अधूनमधून नेमबाजी असे दोन्ही साधायचे असेल, तर .३०३ : क्रमांक जुळणारी, लाकूड न घासलेली, आटे शाबूत असलेली आणि जाणकाराने तपासलेली. दिसायला थोडी कुरूप असली तरी चालेल.

आपल्याकडे ही निवड अशी करता येत नाही. .३०३ सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर .३१५ मिळू शकते. इशापूरनेच ती ली पद्धतीच्या बोल्टवर बनवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारसा म्हणून आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. एखाद्या वाड्यात आजोबांची बंदूक सापडली तर 'जुनी आहे, तिला काय होते' असे समजू नये. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, अशाच कालबाह्य शस्त्रांना कायद्याने सूट दिली आहे. ते ठरवणे आपले काम नव्हे. तिला हात न लावता ठाण्यात कळवावे.

ज्यांना पाहण्याची हौस आहे त्यांच्यासाठी नागपूरचा अजब बंगला आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ज्यांना नेम धरण्याची हौस आहे त्यांच्यासाठी एनसीसीची .२२ रायफल आणि एअर रायफल आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. दोघांचेही प्रकार .२२ चे.

सैन्याने केव्हाच बाजूला ठेवलेली .३०३ पोलिसांकडे मात्र फार काळ राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या सीएसटी स्थानकात स्वयंचलित बंदुकांपुढे पोलीस तिच्यासह उभे राहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला.

आमची गाडी आली. मित्र निरोप लिहीत होते. आम्ही त्यांना एवढेच सुचवले, की भाच्याला घेतलेल्या रायफलीचा शिक्का, वर्ष आणि क्रमांक एका वहीत उतरवून ठेवायला सांगा आणि शेजारी .३०३ व .३१५ मधला तो ०.३ मिलिमीटरचा फरकही लिहायला सांगा. रायफल पुढे कोणाच्याही हाती गेली, तरी ती कशासाठी आणि कोणाविरुद्ध मोजून बनवली होती, हे त्या वहीतून कळेल.